उज्जैनचे विद्यापीठ, संगणकाची पदवी आणि नियमांची भाषा

विद्यापीठाचा नियम हा साहित्यप्रकार म्हणून कोणी वाचत नाही. प्रवेशाच्या वेळी, निकालाच्या दिवशी किंवा एखाद्या विषयात गुण कमी पडले म्हणजे विद्यार्थी तो उघडतो, आपल्यापुरती ओळ शोधतो आणि मिटून टाकतो. तरीही भाषेच्या अभ्यासकाने पाहावा असा हा मजकूर आहे. कायद्याची ताकद असलेले असे थोडेच मजकूर असतील की ज्यांच्या एका शब्दाच्या अर्थावर वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींचे एक वर्ष टिकते किंवा बुडते. तो शब्द कोणत्या भाषेतून आला, कोणी घडवला आणि वाचणाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो, हे प्रश्न म्हणूनच केवळ कोशकारांचे नाहीत.

या लेखासाठी उज्जैनचे उदाहरण घेतले आहे. तेथील विक्रम विद्यापीठात संगणक उपयोजनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एम.सी.ए., शिकवली जाते. तिचे नियम हिंदी आणि इंग्रजी या दोन भाषांच्या छायेत वाढले. मराठी वाचकाला त्यांतील निम्मे शब्द घरचे वाटतात, आणि नेमके तेच त्याला फसवतात. असे का झाले हे समजण्यासाठी शहराचा, विद्यापीठाचा आणि शब्दांचा इतिहास एकत्र पाहावा लागतो.

उज्जैन आणि मराठी यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात राणोजी शिंदे यांनी माळव्यातील आपले ठाणे येथे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. दौलतराव शिंदे यांच्या काळात, १८१० च्या सुमारास, राजधानी ग्वाल्हेरकडे गेली. परंतु मधल्या काळात शिंद्यांच्या दरबाराचा पत्रव्यवहार मोडी लिपीतून आणि मराठी भाषेतून चालला. ज्या शहराच्या कागदोपत्री मराठी ही एके काळी सत्तेची भाषा होती, त्याच शहरात ती आज काही घरांची आणि मंडळांची भाषा आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि कोणा एकाने केलाही नाही. राज्यकारभाराची, शाळेची व परीक्षेची भाषा बदलत गेली आणि तिच्यामागून घराबाहेरची भाषा बदलली.

गणिताशी या शहराचे नाते त्याहूनही जुने आहे. प्राचीन ज्योतिर्गणितात मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते असे मानून ग्रहांची स्थाने काढली जात. वराहमिहिराचे नाव अवंतीशी जोडलेले आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा बांधली. पुढे ती मोडकळीस आली असता १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिची दुरुस्ती झाली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाने तिचे काम पाहिले. या परंपरेत आकडेमोड करून पंचांग सिद्ध करणाऱ्याला ‘गणक’ म्हणत. आज आपण ज्याला ‘संगणक’ म्हणतो त्या शब्दाच्या पोटात हा गणक बसलेला आहे. केंद्रीय परिभाषेत याच यंत्राला ‘अभिकलित्र’ असाही एक शब्द सुचवला गेला होता. तो कोशातच राहिला आणि ‘संगणक’ मराठीत रुळला. ज्या शब्दाला मागची ओळख असते तो जगतो, याचे हे साधे उदाहरण आहे.

आता विद्यापीठाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य झाले. तेथील महाविद्यालये तेव्हा आग्रा विद्यापीठाला संलग्न होती. परीक्षा, अभ्यासक्रम आणि नियम सर्व आग्ऱ्याहून येत. स्वतःचे विद्यापीठ हवे म्हणून १९५५ मध्ये मध्य भारताच्या विधिमंडळाने विक्रम विद्यापीठाचा अधिनियम केला. मात्र विद्यापीठ प्रत्यक्षात सुरू झाले ते १ मार्च १९५७ रोजी. तोपर्यंत मध्य भारत हे राज्यच नकाशावरून गेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले. सीमाभागातील वाचकाला ही तारीख वेगळी सांगायला नको. त्याच दिवशी बेळगाव, कारवार आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले, आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. एकाच दिवसाच्या पुनर्रचनेत उज्जैनच्या मराठी भाषकाचे आणि बेळगावच्या मराठी भाषकाचे नशीब वेगवेगळ्या वाटांनी, पण सारख्याच दिशेने वळले.

पुढे १९६४ मध्ये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे विद्यापीठे निघाली. त्यांची आजची नावे जिवाजी आणि देवी अहिल्या अशी आहेत, म्हणजे दोन्ही मराठी राजघराण्यांची. १९७३ मध्ये मध्य प्रदेशाने आपल्या विद्यापीठांसाठी एकच अधिनियम केला. त्यानुसार नियमांची उतरंड अशी ठरली: सर्वांत वर विधिमंडळाचा अधिनियम, त्याखाली परिनियम, मग अध्यादेश आणि शेवटी विनियम. विद्यापीठांत एकवाक्यता राहावी म्हणून राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमली गेली. एम.सी.ए. साठी कोण पात्र, किती सत्रे, उत्तीर्ण होण्यास किती गुण, हजेरी किती, राहिलेला विषय केव्हा द्यायचा, हे सारे या उतरंडीतील अध्यादेशाच्या पायरीवर ठरते.

हे चारही शब्द महाराष्ट्रातील विद्यापीठ कायद्यातही आहेत. ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ हे नावच पाहावे. हिंदी आणि मराठी कायद्यांत हे साम्य योगायोगाने आलेले नाही. त्याची एक महत्त्वाची वाट नागपुरातून गेली आहे. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि नंतर १९५६ पर्यंतच्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा राज्यकारभाराच्या म्हणून मान्य होत्या, आणि राजधानी होती नागपूर. तेथे डॉ. रघुवीर यांनी प्रशासनाची व विज्ञानाची परिभाषा घडवण्याचे प्रचंड काम हाती घेतले. एक धातू किंवा एक मूळ शब्द घ्यायचा, त्याला वेगवेगळे उपसर्ग लावायचे आणि अर्थच्छटांचे एक कुटुंब उभे करायचे, ही त्यांची पद्धती होती. नियम, अधिनियम, विनियम, परिनियम, उपनियम ही मालिका त्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. संस्कृताधारित असल्यामुळे हे शब्द हिंदीला आणि मराठीला सारखेच चालतील, अशी त्यामागची धारणा होती.

मराठीला हा मार्ग नवा नव्हता. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला होता. बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी शासनकोश निघाला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पदनाम कोशापासून शासन व्यवहार कोशापर्यंतची कामे झाली. या सर्व प्रयत्नांत एक अडचण मात्र कायम राहिली. शब्द दोन भाषांत सारखा दिसला म्हणजे त्याचा अर्थही सारखा राहतो, असे नाही. वापराने अर्थ सरकतो, आणि प्रत्येक भाषेत तो वेगळ्या दिशेने सरकतो.

‘अध्यादेश’ हाच शब्द घ्या. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तोही अध्यादेश, ज्याला मराठी वृत्तपत्रे वटहुकूम म्हणतात. आणि विद्यापीठाने परीक्षेसाठी केलेला नियम तोही अध्यादेश. पहिला तात्पुरता असतो आणि मुदतीत विधिमंडळाने संमत केला नाही तर संपतो. दुसरा रद्द किंवा दुरुस्त होईपर्यंत चालतो. इंग्रजीतील एकाच शब्दाचे दोन अर्थ आपण एका मराठी शब्दात जसेच्या तसे उचलले आणि वटहुकूम हा नेमका शब्द हाताशी असून तो बोलीपुरता ठेवला. मराठी शब्द वेगळा असता तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे वाचणाऱ्याला आपोआप कळले असते.

उज्जैनच्या नियमांत मराठी वाचकाला अडवणारे आणखी शब्द पाहू. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत अध्यादेशात ‘संशोधन’ होते, म्हणजे दुरुस्ती होते. मराठीत संशोधन पीएच.डी. चा विद्यार्थी करतो. हिंदीत त्यालाच ‘शोध’ म्हणतात. आपल्याकडे शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात किंवा वैज्ञानिक लावतो. हिंदीत परीक्षेत ‘अंक’ मिळतात, मराठीत गुण. मराठीतला अंक आकडा तरी असतो, नाटकाचा भाग तरी, नाहीतर मासिकाचा. हिंदीतील ‘उपाधि’ म्हणजे पदवी. मराठीत उपाधी मागे लागली म्हटले की माणूस कंटाळलेला असतो. शेवटच्या सत्रात एम.सी.ए. चा विद्यार्थी जे काम करतो ते हिंदीत ‘परियोजना’ आणि मराठीत प्रकल्प. पदवीनंतरच्या शिक्षणाला आपण पदव्युत्तर म्हणतो, हिंदी ‘स्नातकोत्तर’ म्हणते. त्यातला स्नातक म्हणजे विद्या पूर्ण करून समावर्तनाचे स्नान केलेला ब्रह्मचारी. आपल्या शब्दात कागदावरची पदवी आहे, हिंदीच्या शब्दात गुरुकुलातले स्नान आहे.

सर्वांत बोलका शब्द कुलपती हा आहे. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारे ते कुलगुरू. मध्य प्रदेशात अनेक दशके नेमके वेगळे होते: राज्यपाल ते कुलाधिपति, आणि विद्यापीठ चालवणारे ते कुलपति. उज्जैनच्या विद्यार्थ्याने ‘कुलपतींकडे अर्ज करावा’ असा नियम वाचला तर त्याने विद्यापीठाच्या कार्यालयात जायचे. पुण्याच्या विद्यार्थ्याने तोच शब्द वाचला तर त्याचा अर्ज राजभवनात जाईल. संस्कृत परंपरेत कुलपती हा हजारो शिष्यांचे पालन व अध्यापन करणारा ऋषी. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वांना हीच संज्ञा आहे. म्हणजे कालिदासाच्या नगरीने हा शब्द शिकवणाऱ्याच्या जवळ ठेवला होता आणि महाराष्ट्राने तो राज्यपालांना दिला होता. जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने कुलपति हे पदनाम बदलून कुलगुरु करण्यास मान्यता दिली, आणि मार्च २०२५ मध्ये राजस्थानच्या विधानसभेनेही तसेच विधेयक संमत केले. महाराष्ट्रात दीर्घकाळ रुळलेला शब्द हिंदी राज्यांनी उचलला. भाषांच्या देवघेवीत मराठीकडून हिंदीकडे काही जात नाही असे मानणाऱ्यांनी ही नोंद करून ठेवावी. त्याच वर्षी विक्रम विद्यापीठाचे नाव सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे करण्याचेही जाहीर झाले.

या साऱ्या संस्कृत शब्दांच्या गर्दीत एक शब्द मात्र मुंबई, पुणे, इंदूर आणि उज्जैन येथील विद्यार्थ्यांना सारखाच कळतो, तो म्हणजे ए.टी.के.टी. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे आहेत हे अनेकांना ठाऊकही नसते. तरी हा शब्द आईवडिलांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सर्वांना समजतो. कोशांतील काटेकोर शब्दांना जे जमले नाही ते या आद्याक्षरांना जमले, कारण त्यांच्याशी विद्यार्थ्याचे सुखदुःख बांधलेले आहे.

आता प्रत्यक्ष पदवीकडे. एम.सी.ए. ही पदवी देशी गरजेतून जन्मली. संगणकाचे मनुष्यबळ कसे तयार करावे हे ठरवण्यासाठी १९८० च्या सुमारास प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अभियंता नसलेल्या, पण गणिताची पार्श्वभूमी असलेल्या विज्ञान किंवा वाणिज्य पदवीधराला तीन वर्षांत संगणकाचा व्यवहारी उपयोग शिकवावा, ही कल्पना तेथून रुजली. म्हणून तिच्या नावात ‘विज्ञान’ नाही, ‘उपयोजन’ आहे. छोट्या शहरांतील, अभियांत्रिकीचा प्रवेश हुकलेल्या किंवा न परवडलेल्या मुलामुलींना या पदवीने वाट करून दिली. उज्जैनसारख्या शहरात तिचे महत्त्व हेच होते.

पुढे १९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि या पदवीचे निकष केंद्राच्या हाती गेले. २०२०-२१ या वर्षापासून तीन वर्षांची पदवी दोन वर्षांची झाली. बारावीला किंवा पदवीला शक्यतो गणित असावे, पदवीला पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी पंचेचाळीस टक्के गुण असावेत, ही पात्रता दिल्लीत ठरते. उज्जैनचा अध्यादेश ती आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो. राज्यघटनेच्या संघसूचीतील सहासष्टावी नोंद उच्च शिक्षणाच्या दर्जांचा समन्वय केंद्राकडे देते, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, १९७६ मध्ये, शिक्षण हा विषयच राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी विद्यापीठाला परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, परंतु तिने ठरवलेला दर्जा मात्र पाळावा लागतो. म्हणजे दार विद्यापीठाने उघडायचे आणि उंबरठ्याची उंची केंद्राने ठरवायची.

यात भाषेचा प्रश्न कोठे येतो? तो नियमाच्या ताकदीत येतो. या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निवाडा एका मराठी मुलाच्या निमित्ताने झाला आणि तो सीमाभागातील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवा. अहमदाबादेतील एक मुलगा मराठी माध्यमातून १९६० मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तेथील सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत शिकू लागला. पुढच्या वर्षी त्याला सांगण्यात आले की गुजरात युनिव्हर्सिटीच्या परिनियमांनुसार विद्यापीठाच्या अनुमतीवाचून त्याला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसता येणार नाही. शिक्षण गुजराती किंवा हिंदीतूनच घ्यावे लागेल. वडील न्यायालयात गेले. ‘गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या नावाने तो खटला ओळखला जातो. सप्टेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला: एखाद्या भाषेच्या वापराला उत्तेजन देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला दिला म्हणून ती एकच भाषा सर्वांवर लादण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

या निवाड्याचे वाचन अनेकदा ‘इंग्रजीचा विजय’ असे केले जाते. ते अपुरे आहे. खटला उभा राहिला तो एका शब्दाच्या अर्थावर: उत्तेजन देणे म्हणजे सक्ती करणे होय का? न्यायालयाने नाही म्हटले. ज्या परिनियमांनी त्या मुलाची वाट अडवली ते त्याच्या भाषेत नव्हते आणि त्याच्या भाषेचा विचार करून लिहिलेलेही नव्हते. परप्रांतात राहणाऱ्या भाषिक अल्पसंख्याकाला नियम वाचता येणे, त्याचा अर्थ समजणे आणि तो चुकीचा असेल तर आव्हान देणे, या तीन पायऱ्या आहेत, आणि पहिलीच चुकली तर उरलेल्या दोन कधीच येत नाहीत.

आपल्या मागणीला याच ठिकाणी आधार मिळतो. घटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. गाऱ्हाणे स्वभाषेत मांडता येते, पण ज्या नियमाविरुद्ध गाऱ्हाणे आहे तो नियम मात्र स्वभाषेत मिळत नाही, ही विसंगती आहे. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. पुस्तके भाषांतरित होऊ लागली. परंतु पाठ्यपुस्तक मराठीत आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा नियम इंग्रजीत, असे असेल तर विद्यार्थी शिकतो एका भाषेत आणि त्याचा निवाडा होतो दुसऱ्या भाषेत.

उज्जैनमध्ये मराठीतून अध्यादेश निघावेत अशी मागणी आज कोणी करणार नाही. तेथील मराठी कुटुंबांची मुले हिंदी उत्तम जाणतात. पण महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आपल्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अध्यादेश मराठीत, इंग्रजीइतक्याच अधिकाराने, आणि विद्यार्थ्याला कळेल अशा मराठीत प्रसिद्ध करावा, ही मागणी साधी आणि रास्त आहे. बेळगाव-निपाणीकडून महाराष्ट्रातील विद्यापीठांत येणाऱ्या मराठी शाळांतील मुलांना त्याची गरज सर्वांत जास्त आहे. आणि हे करताना शब्द हिंदीत आहे म्हणून घ्यायचा किंवा हिंदीत आहे म्हणून टाळायचा, हे दोन्ही हट्ट सोडावेत. ‘कुलगुरू’ आपला होता आणि तो माळव्यात गेला. ‘परिनियम’ नागपुरात दोन्ही भाषांसाठी रुजला. ‘वटहुकूम’ आपल्याकडे पडून आहे. कसोटी एकच असावी: बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीने आपला अध्यादेश एकदा वाचला, तर कोणाला न विचारता तिला कळावे की आपण पुढच्या सत्रात बसू शकतो की नाही.